आप्पा ऐकत नाहीत, आणि तू थांबत नाहीस

या वेळचं पत्र बरंच लांब आहे, कापून-छाटून देतेय, पण शब्द तिचेच.

"ताई, मी पुण्यात नोकरीला आहे. आई-आप्पा, दादा-वहिनी आणि त्यांचं चार वर्षांचं पिल्लू कराडजवळ गावी असतात. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता ६१ चालू. दसऱ्याला मी पाठी लागून टेस्ट करून घेतल्या तर तीन महिन्यांची शुगर ९.१ आली. डॉक्टरांनी गोळी दिलीय, ती आठवली तर घेतात. दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. तंबाखू माझ्या जन्माआधीपासून. चालायला जा म्हटलं की 'तीस वर्षं ड्युटी केली, आता बसू दे की' म्हणतात. मी काय नाही केलं? ग्लुकोमीटर आणला, हातातला बँड आणला, ओट्स आणले, किन्वा आणला, जिमचे सहा महिन्यांचे पैसे भरले, रोज एक तरी व्हिडिओ पाठवते, त्यावर नुसता अंगठा येतो. भाऊबीजेला माझं डोकं फिरलं. दादाचे सासरे बसले होते, त्यांच्यासमोर मी आप्पांच्या हातातली पुडी घेतली आणि संडासात टाकून वर बादलीभर पाणी ओतलं. आप्पा एवढंच म्हणाले, 'तीस वर्षांत एक ॲक्सिडेंट नाही माझ्या नावावर, लांबचं बघायला अजून चष्मा लागत नाही, मला शिकवू नको.' तीन आठवडे झाले, माझा फोन घेत नाहीत. तंबाखू आता लपून खातात, दादाला गाडीच्या डिक्कीत पुडी सापडली. आई म्हणते नाद सोड. आईचं तसं काही नाही, सकाळी मशेरी लावते तेवढंच. ताई, आप्पांना कसं समजावू म्हणजे ते ऐकतील? – आप्पांची लेक"

अगं लेकी, शुगरचं नंतर बघू, आधी ते पुडीचं निस्तरायला पाहिजे.

व्याह्यांसमोर! दुसरं कोणी असतं तर एक वेळ चाललं असतं गं, पण व्याह्यांसमोर पोरीने हातातली वस्तू हिसकावून संडासात टाकली, यात तंबाखू वाईट की चांगली हा मुद्दाच उरत नाही. तुझ्या मनात काळजी होती हे मला पत्रात दिसतंय, पण त्यांना त्या खोलीत काय दिसलं? आपला अपमान. आणि अपमान झालेला माणूस आपल्या तब्येतीचा विचार करत बसत नाही, तो आपली इज्जत सांभाळतो. तेव्हा फोन करत बसू नकोस, या शनिवारी सरळ गाडीत बस आणि गावी जा, आणि माफी माग. "आप्पा, माझं चुकलं, पाहुण्यांसमोर तसं करायला नको होतं." एवढंच. याच्यापुढे "पण" नाही लावायचा, "पण तुमच्या काळजीपोटीच केलं ना" असं म्हणालीस की ती माफी राहत नाही, परत भाषण होतं. आणि त्या दोन दिवसांत शुगर, तंबाखू, चालणं यातला एक शब्द काढायचा नाही. जमेल? मला माहितीये अवघड आहे, जीभ शिवशिवते.

आता तुझा प्रश्न, कसं समजावू. मला विचारशील तर गोची इथेच आहे. तू धरून चाललीयस की आप्पांना समजलेलं नाही, कोणीतरी नीट समजावलं की समजेल. अगं, २०१६ पासून तंबाखूच्या पुडीचा ८५ टक्के भाग त्या सडलेल्या तोंडाच्या फोटोने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो, आप्पा दिवसातून दहा वेळा तो फोटो बघून, त्याच फोटोला चिमटीत धरून पुडी फोडतात. तुझ्या व्हिडिओत त्याच्यापेक्षा भारी काय असणार? त्यांना सगळं ठाऊक आहे. ठाऊक असून करत नाहीत, आणि ठाऊक असून न करणं हा काही आप्पांचा खास रोग नाही, तो तुला-मलाही आहे. तू स्वतः रात्री किती वाजता जेवतेस, किती वाजेपर्यंत मोबाईल बघत लोळतेस, मी विचारत नाहीये, सहज आपलं.

माझीच गोष्ट सांगते. माझं वजन वाढलं, गुडघे कुरकुरायला लागले तर मुलाने मला एक घड्याळ आणून दिलं, पावलं मोजणारं. ते दर तासाला हाताला थरथरायचं की उठा, चाला. आणि संध्याकाळी मुलाचा फोन, "आई आज अठराशेच दिसतायत." म्हणजे त्याला तिकडे त्याच्या मोबाईलवर दिसायचं! मी काय केलं असेल? घड्याळ नातवाच्या पायाला बांधलं. तो पठ्ठ्या दिवसभर घरभर उंडारायचा, माझी पावलं दहा-बारा हजार. मुलगा खूश, मी सोफ्यावर. हे मी सांगतेय, जी लोकांना सल्ले देते. मला काय चालायचं नव्हतं असं नाही गं, मला कोणी चालवायला नको होतं.

आप्पांचं तर त्याहून पुढचं आहे. तू ड्रायव्हरची मुलगी आहेस, तुला हे मी सांगायचं का? तीस वर्षं चाळीस-पन्नास माणसं पाठीमागे बसवून त्या माणसाने गाडी हाकलीय. मागे बसून कोणी "ओ मास्तर, जरा हळू, इकडून घ्या, तिकडून घ्या" केलं तर ड्रायव्हर काय करतो? आरशातून एकदा बघतो आणि आहे तशीच गाडी चालवतो, उलट जरा जोरातच. कंडक्टरनेसुद्धा फक्त घंटी मारायची, एक मारली की थांब, दोन मारल्या की चल, स्टेअरिंगला हात नाही लावायचा. आणि तू भाऊबीजेला थेट स्टेअरिंग खेचलंस. म्हणून त्यांच्या तोंडून शुगरचं काही आलंच नाही, ॲक्सिडेंटचं आलं. वाच परत तुझंच पत्र.

हे नुसतं माझं ज्ञान नाही. विल्यम मिलर म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, दारू सोडवण्याचं काम करणारे, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक अभ्यास छापला, त्यात दिसलं की समुपदेशक दारू पिणाऱ्याला जितका अंगावर जाऊन सुनावत होता तितकी तो माणूस वर्षभरानंतर जास्त पीत होता. जास्त! म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी म्हणतो ना आपण, त्याच्यापेक्षाही वाईट, इथे घडा अंगावर येतो. त्याचं कारण सोपंय. सोडू की नको हे दोन्ही आवाज त्या माणसाच्या डोक्यात आधीच चालू असतात. तू "सोडा"ची बाजू घेऊन भांडायला लागलीस की त्याच्या वाट्याला आपोआप "नको"ची बाजू येते, आणि तो ती इतक्या वेळा मोठ्याने बोलतो की त्याचं त्यालाच पटत जातं. तुमच्या घरात दसऱ्यापासून हेच चाललंय, आप्पा रोज स्वतःच्या तोंडाने स्वतःला पटवतायत की मला काही झालेलं नाही.

तर मग उलटं करायचं. सोडायची बाजू त्यांच्या तोंडून आली पाहिजे, आणि तू ऐकणारी. याची एक युक्ती आहे, ती मिलरच्या पद्धतीतलीच, मी बऱ्याच घरांत वापरायला सांगितलीय. माफी मागून झाली, पंधरा-वीस दिवस गेले, परत बोलणं सुरू झालं, की एखाद्या निवांत वेळी, म्हणजे जेवताना नाही आणि चारचौघांत तर अजिबात नाही, दोघंच गाडीतून कुठे चाललाय असं बघ (शेजारी-शेजारी बसलं की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, बापलेकीचं बोलणं तसंच होतं), तेव्हा विचार:

"आप्पा, एक विचारू का? नको असेल तर राहू दे."

"विचार."

"तंबाखू सुटावी असं तुम्हाला दहापैकी किती वाटतं?"

ते म्हणतील दोन. कदाचित चिडवायला म्हणतील. आता इथे तुझ्या तोंडात काय येणार मला माहितीये, "दोनच? अहो आप्पा तो अमक्याचा जबडा काढला माहितीये ना!" झालं, संपलं, ते दोनावरून शून्यावर गेले. त्याऐवजी विचारायचं, "दोन तरी का? शून्य का नाही?"

आणि गप्प बसायचं. खरंच गप्प. मनात वीस आकडे मोज. हा प्रश्न असा आहे ना की त्याचं उत्तर द्यायचं तर माणसाला सोडण्याचंच कारण सांगावं लागतं, दुसरं उत्तरच नाही त्याला. आप्पा म्हणतील, "तसं नाही, पिल्लू जवळ येत नाही, वास येतो म्हणतं." किंवा म्हणतील, "हल्ली तिखट झोंबतं तोंडाला." किंवा काहीच म्हणणार नाहीत, हूं करून खिडकीबाहेर बघतील, तेही चालेल. जे म्हणतील त्यावर झडप घालू नकोस. "बघा, मी म्हणत होते ना" हे वाक्य पुढचं वर्षभर बंद. फक्त त्यांचंच वाक्य त्यांना परत दे, "पिल्लू लांब पळतं हे तुम्हाला लागतंय." बास. पुढचं ते बोलतील, आज नाही तर पुढच्या खेपेला.

आणि ऐकायचं म्हणजे तंबाखूची बाजूसुद्धा ऐकायची हां. तुला ती नुसती घाण दिसते. त्यांना कधी विचारलंयस सुरुवात कशी झाली? मला तुझ्या आप्पांचं माहीत नाही, पण माझ्या सासरच्या गल्लीत एक ड्रायव्हर काका होते, त्यांचं ऐकलंय. रात्रीची मुंबई गाडी, मागे सगळे झोपलेले, कंडक्टरही डुलक्या घेतोय, पहाटे तीन-साडेतीनची वेळ, पुढे खंबाटकीचा घाट. काका सांगायचे, हॉटेलला गाडी थांबली की डाव्या तळहातावर चिमूटभर घ्यायची, डबीतला चुना अंगठ्याच्या नखावर काढून त्यावर टेकवायचा, मळायची मळायची, मग दोन थापट्या, वरचा भुगा उडाला की बार खालच्या ओठात, "डोळे खाडकन उघडायचे बघ." तीस वर्षं त्या चिमटीने माणसं घरी सुखरूप पोचवली असं त्यांना वाटायचं, आणि त्याच चिमटीला तुम्ही येऊन घाण म्हणता! ती गोष्ट खरी-खोटी सोड, पण एकदा ती मन लावून ऐकलीस ना की आप्पांना कळेल की पोरगी आपल्या विरुद्ध पार्टीची नाही. नंतर त्यांनीच म्हटलं तर म्हटलं, "आता कुठे आपल्याला नाईट असते म्हणा."

तंबाखूच्या बाबतीत आपलं राज्य वेगळंच आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के प्रौढ लोक निघाले आणि बिनधुराची खाणारे-लावणारे २४.४ टक्के, म्हणजे चारातला एक. त्यामुळे गावात, पारावर, स्टँडवर, जिथे जावं तिथे समोर कोणीतरी तळहात पुढे करणारच. ज्या दिवशी आप्पा स्वतः म्हणतील की बघू या, त्या दिवसासाठी तयारी ठेव, त्याआधी नाही. सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, १८००-११२-३५६, नंबर कागदावर लिहून दादाकडे दे, पण फोन आप्पांनी करायचा, तू नाही. डॉक्टरांना विचारून निकोटिनची च्युइंगम वगैरे मिळते. पहिले काही दिवस चिडचिड होणार, झोप उडणार, घरात भांडी आपटणार, हे वहिनीला आधी सांगून ठेव बिचारीला. तलफ येते ती लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ तोंडात लवंग, बडीशेप, भाजलेला ओवा काहीही चालेल, फक्त सुपारी नको. लोक तंबाखू सोडून सुपारी धरतात आणि समजतात सुटलो, सुपारी एकटी खाल्ली तरी तोंडाचा कॅन्सर होतो. आणि हो, ते तिखट झोंबण्याचं मी वर लिहिलं, आप्पा खरंच तसं म्हणाले, किंवा तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल (उभी तीन बोटं आत जातात का हे ज्याचं त्याला बघता येतं), आतून पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तर मात्र ही सगळी हळूहळूची भाषा बाजूला ठेवायची आणि दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं. पायाची जखम चिघळली, छातीत दुखलं, हात-तोंड वाकडं झालं, तर लगेच दवाखान्यात. तिथे मन वळवत बसायचं नाही, तिथे उचलून न्यायचं.

बाकीचं, म्हणजे खाणं आणि चालणं. इथे मी म्हणेन आप्पांना सोड आणि घर धर.

तू आणलेल्या ओट्सचं काय झालं हे तू लिहिलं नाहीस पण मी सांगते, ते डब्यात तसेच आहेत आणि किन्व्याला बहुतेक किडे झालेत. अगं कराडकडचा माणूस ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला, त्याला तू डब्यावर इंग्रजी लिहिलेलं काहीतरी आणून देणार आणि म्हणणार हे खा, तुमचं आतापर्यंतचं खाणं चुकीचं होतं. भाकरी, मटकीची उसळ, पिठलं, मेथी-शेपू, हुलग्याचं माडगं, हे काय वाईट आहे का? पूर्वी तेच होतं, मधल्या काळात चपाती, भात, बेकरीची खारी-बटर आणि पाकिटातला फरसाण घुसलाय. भाकरी म्हणजे काही औषध नाही हां, चार भाकऱ्या खाल्ल्या तर शुगर वाढणारच, पण ताटात आधी काकडी-कांदा-मुळा, मग उसळ, मग भाकरी दोन, असं वाढायचं वळण पडलं की पोट आपोआप त्या हिशोबाने भरतं. वाढणाऱ्याच्या हातात असतं ते, खाणाऱ्याला सांगावं लागत नाही.

चहाचं गणित बघ. सहा चहा, दोन-दोन चमचे, बारा चमचे, एक चमचा साधारण चार-पाच ग्रॅम धर, म्हणजे नुसत्या चहातून रोज ४८ ते ६० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या खाली ठेवा आणि २५ च्या खाली असेल तर अजून बरं, आणि हे शुगर नसलेल्या माणसाला. पण "आप्पा आजपासून बिनसाखरेचा" असं केलंस तर ते चौकातल्या टपरीवर जातील, तिथे ग्लासात साखर तळाला बसलेली असते. त्याऐवजी वहिनीला विश्वासात घे, सगळ्या घराच्या चहात आठवड्याला पाव-पाव चमचा कमी करायचा, कोणाला न सांगता. म्हणजे फसवायचं का, असं विचारशील. मला यात थोडं अवघडल्यासारखं होतं खरं, सांगून केलेलं कधीही चांगलं, निदान आठ दिवसांनी सांगून टाका की सगळेच कमी पितोय. आणि मोठे कप माळ्यावर टाका. गुळाचा चहा करून पळवाट काढू नका, गुळाने शुगर वाढतेच.

चालण्याचं. जिमचे पैसे गेले समज, परत मागायला जाऊ नकोस, तुझाच वेळ जाईल. एकसष्ट वर्षांचा रिटायर ड्रायव्हर कराडच्या जिममध्ये पोरांच्या गाण्यांवर पळपट्ट्यावर पळेल हे तुझ्या डोक्यात आलंच कसं? न्यूझीलंडमध्ये २०१६ साली एक छोटासा अभ्यास झाला, टाइप टू मधुमेहाची ४१ माणसं. त्यात दिसलं की दिवसातून एकदा कधीही अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची शुगर १२ टक्क्यांनी कमी राहते, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. वाचलं आणि मला हसूच आलं, आपल्याकडे याला शतपावली म्हणतात, आजोबा-पणजोबा करत आलेत. फक्त शत म्हणजे शंभर, आणि दहा मिनिटांत होतात साधारण हजार, तेवढा एक शून्य वाढवायचा. तेव्हा रात्रीचं जेवण झालं की आप्पांना चाला म्हणायचं नाही, पिल्लाला त्यांचं बोट धरायला लावायचं, "आजोबा, मला गाड्या दाखवा." हायवेच्या कडेला नाही गं, आत गल्लीतच, लांबून येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ओळखायची कुठली ते. आप्पांना ते नक्की येत असणार. त्या पोराला आजोबा मिळेल आणि शुगरला दहा मिनिटं. पायात चपला घालूनच, अनवाणी नाही, शुगरवाल्याला पायाला लागलेलं कळत नाही कधी कधी.

किती दिवस लागतील? लंडनच्या एका विद्यापीठात ९६ लोकांवर बघितलं होतं की नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस. आणि मधला एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही हेही दिसलं. म्हणून एक दिवस आप्पा गेले नाहीत की लगेच दादाकडून रिपोर्ट मागवायचा नाही. तो बँड परत घेऊन ये, तूच वापर.

गोळीचं मात्र सोडता येणार नाही. ९.१ म्हणजे नुसत्या शतपावलीने भागेल असं समजू नका, साडेसहापासून वर मधुमेह धरतात आणि हे बरंच वर आहे. इथेही "घेतली का, घेतली का" नको, गोळ्यांची पट्टी चहाच्या बरणीशेजारी ठेवा, कारण चहा ते विसरत नाहीत. आणि एकादशी करत असतील तर डॉक्टरांना आधी विचारा, काही गोळ्यांवर उपाशी राहिलं तर शुगर खाली जाऊन घाम-थरथर सुटते, आणि उपाशी नाही तर साबुदाण्याची खिचडी ताटभर, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

आता मला ज्याच्यावरून झोप लागली नाही ते. "आईचं तसं काही नाही, मशेरी लावते तेवढंच."

तेवढंच? अगं मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच की! आप्पांची ओठात आणि आईची हिरड्यांवर, एवढाच काय तो फरक. पुडी संडासात गेली तेव्हा मशेरीचा डबा मोरीच्या फळीवर होता की नाही? तो तुला दिसला नाही, कारण तो लहानपणापासून तिथेच आहे, आणि बायका मशेरी "लावतात", खात नाहीत, त्यामुळे ती कोणाच्या हिशोबात येत नाही. आणि दसऱ्याला आप्पांच्या सगळ्या टेस्ट झाल्या, आईची झाली का एक तरी? बीपी कधी बघितलं शेवटचं? सगळ्यांच्या मागून जेवणारी, उरलेला भात संपवणारी, गोळी आणि पथ्य सांभाळणारी बाई, तिला "ठीक आहे" म्हणायची आपल्याला इतकी सवय आहे की तिलाही तेच वाटतं. तुझ्या पत्रात आप्पांवर पानभर आहे आणि आईवर एक ओळ. पुढच्या खेपेला आईला घेऊन जा डॉक्टरकडे, आणि तिथे मात्र माझं ऐक, तिचा डबा ओतून टाकू नकोस. तिलाही तोच प्रश्न, दहापैकी किती. ती म्हणेल, "मला काय विचारतेस, मला पोट साफ व्हायला लागते ती." सगळ्याजणी हेच म्हणतात. ऐकून घे. आणि गंमत बघ, घरात आई काहीतरी सोडायला लागली की आप्पा पेपरच्या आडून बघत असतात.

हे सगळं करूनही आप्पा बदलले नाहीत तर, हा प्रश्न तू विचारला नाहीस पण पत्राच्या मागे तोच आहे. होऊ शकतं. मी खोटं सांगणार नाही, माझ्या बघण्यातले काही जण शेवटपर्यंत नाही बदलले, आणि त्यांच्या मुलींनी काही कमी केलं होतं असं नाही. बापाची शुगर हा तुझ्या परीक्षेचा मार्क नाही. तू फोन केलास आणि आप्पांनी उचलला, पाच मिनिटं पावसाचं-पाण्याचं बोलले, हेही मोजायला शीक.

सुरुवात कुठून करायची? त्यांच्याच वाक्यातून. "लांबचं बघायला अजून चष्मा लागत नाही." डोळ्यांचा त्यांना अभिमान आहे, आणि शुगर डोळ्याच्या पडद्यावर काम करते ती सुरुवातीला अजिबात कळत नाही, दिसत सगळं नीट असतं. म्हणून शुगर निघाली की वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचा असतो. भीती नको घालू. एवढंच म्हण, "आप्पा, तुमची नजर चांगली आहे ती तशीच राहायला पाहिजे, एकदा दाखवून येऊ, येता का?" आणि नाही म्हणाले तर "बरं" म्हणून महिन्याने परत. त्या तपासणीत डोळ्यात औषध घालतात, बाहुली मोठी होते, मग काही तास धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो, त्यामुळे येताना त्यांना गाडी चालवता येणार नाही. ती तू चालव. ते शेजारी काळा चष्मा लावून बसतील, नसलेल्या ब्रेकवर पाय दाबतील, "क्लच सोड, अगं इंडिकेटर, मागून ट्रक आहे, बघून, बघून" करत कराडपर्यंत तुझं डोकं खातील. तू काही बोलू नकोस. नुसतं एकदा त्यांच्याकडे बघून हस.